घरातलंच माणूस

तीनला पावणं येणार होतं, म्हणून नेमगोंडा पाटलांनी शाळा दोनलाच सोडली.

कुणी का म्हणून विचारलं नाही. कोण विचारणार? शाळा पाटलांची, घंटा पाटलांची, आणि घंटा देणारा शिपाई सकाळी पाटलांच्याच उसाला पाणी पाजून शाळेत येणारा. पोरं ओरडत घराकडं पळाली. त्यांच्या मागोमाग ऑफिसातल्या गादीच्या खुर्च्या डोक्यांवरून निघाल्या आणि पाटलांच्या सोप्यात जाऊन बसल्या. कुरुंदवाडात याचं कुणाला नवल वाटत नाही. पाटलांच्या घरचं कार्य म्हणजे शाळेचं कार्य. पाटलांच्या पोराच्या, सम्मेदच्या लग्नात चित्रकलेच्या मास्तरांनी रांगोळ्या काढल्या, पी.टी.च्या मास्तरांनी गाड्या लावून घेतल्या आणि विज्ञानाच्या मास्तरांनी कमरेला टॉवेल बांधून पंगती वाढल्या होत्या.

ते विज्ञानाचे मास्तर म्हणजे भूपाल, नेमगोंडांचा सख्खा पुतण्या. बाप लवकर गेला. अण्णांनीच, म्हणजे नेमगोंडांनीच, त्याला वाढवला, बी.एड. केला आणि आपल्याच शाळेत चिकटवला. त्याला अकरा वर्षं झाली. महिन्याला नऊ हजार मिळतात. शाळा विनाअनुदानित, म्हणजे मास्तरांचा पगार सरकार देत नाही, संस्था देईल तो पगार. अनुदान सुरू झालं की पूर्ण पगार सुरू होणार, आणि ते अनुदान येणार येणार म्हणता म्हणता भूपालची दोन पोरं शाळेत जायला लागली. आदितीला तर तेवढंही नाही. अण्णांची ही एकुलती लेक, गणितात एम.एस्सी. आहे. दहावीचा निकाल दरसाल तिच्या जिवावर लागतो. पण घरातल्या पोरीला कसला आलाय पगार?

अण्णा काही वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांच्या वडिलांनी शाळा काढली तेव्हा मास्तर मंडळी पाटलांच्याच पंगतीला जेवायची, पाटलांच्याच गोठ्यातलं दूध प्यायची. पगाराचं नाव काढणं म्हणजे खाल्ल्या ताटाचा भाव विचारणं. अण्णांच्या डोक्यात शाळा अजून तिथंच उभी आहे. फक्त आता मास्तर आपापल्या घरी जेवतात, गोठ्यातलं दूध डेअरीला जातं, आणि सम्मेदनं बाजूला काढलेल्या इंग्लिश मीडियमची फी बँकेत जाते. शिकवायला दोन्हीकडं मास्तर तेच.

स्वयंपाकघरात आदितीच्या आईचा, पद्मावतीकाकूंचा जीव टांगणीला लागला होता. आदितीला एकोणतीस चालू होतं. आजवर आलेली सगळी स्थळं एकाच पायरीवर अडखळली होती. पोरगी शाळेत शिकवते? वा वा. पगार किती? आणि मग पुढं फोन यायचा नाही. हे कोल्हापूरचं चौगुल्यांचं स्थळ मात्र वेगळं. मुलाची आई मागंच बघून, पसंत करून गेली होती. राजवीर इंजिनिअर. आदिती त्याच्याशी फोनवर तासतासभर बोलायची आणि बोलताना हसायची. पोरीचं असलं हसणं काकूंनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आज बोलणीला बापलेक दोघंच येणार होते. हे मोडलं तर आदिती पुन्हा कुणापुढं उभी राहणार नाही, हे तिनं आईला तोंडावर सांगून ठेवलेलं.

"दिवस मावळायच्या आत ताटं झाली पाहिजेत," काकू भूपालच्या बायकोला म्हणाल्या. "चौगुल्यांच्यात पण अंधार पडल्यावर खात न्हाईत."

"व्हतंय की काकू," त्रिशला पुऱ्यांचं पीठ मळत म्हणाली. "बोलणी तेवढी लवकर आवरू दे."

*

धनपाल चौगुले आले ते मोठ्यानं "जय जिनेंद्र" म्हणतच. शिरोलीला त्यांची फौंड्री. भट्टीजवळ बोलून बोलून आवाज असा झालेला की सोप्यात बोलले तरी परड्यात ऐकू जावं. राजवीर त्यांच्या शेजारी शहाण्या पोरासारखा बसला. पाणी झालं, चिवडा झाला, उसाचा दर झाला. मग चौगुल्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"पाटील, एक सरळ विचारू का? आमाला देणंघेणं काय नको. हुंडा मागणारातली माणसं न्हवं आमी."

"ते काय सांगाय पायजे व्हय?"

"पण सून कमावती पायजे. थोरली बँकेत हाय, सत्तर हजार उचलतीया. एकीच्या पर्समधी पैसा आन् दुसरीच्या पर्समधी रुमाल, असं झालं की घर फुटतंय बगा. आदितीला पगार किती पडतोय?"

अण्णांनी ह्या प्रश्नाची तयारीच केली नव्हती. पोरगी त्यांची, शाळा त्यांची, ह्यात पगार कुठून आला? पण 'काही नाही' हे उत्तर तोंडात आलं तेव्हा त्यांना एकदम चमत्कारिक वाटलं. लेकीची किंमत काही नाही, असं आपणच चारचौघांत बोलल्यासारखं वाटलं.

"पासष्ट हजार," ते म्हणाले.

सत्तर म्हणता आलं असतं. पण व्याह्याच्या थोरल्या सुनेशी बरोबरी नको, एवढं भान होतं त्यांना.

नेमका त्याच वेळी भूपाल चहाचा ट्रे घेऊन दारात आला होता. कपबशा वाजल्या. सम्मेदला ठसका लागला.

"पासष्ट!" चौगुल्यांच्या भुवया वर गेल्या. "खाजगी शाळेत?"

"आमच्या संस्थेत माणसाची कदर हाय ओ चौगुले."

"आन् बाकीच्या मास्तरास्नी?"

"सगळ्यास्नी सारखंच. भेदभाव आमच्या रक्तात न्हाय."

चौगुल्यांनी कप उचलला, भूपालकडं वर पाहिलं. "तुमी पण शाळेतच का?"

"व्हय. विज्ञान शिकवतोय."

"म्हंजे तुमास्नी पण पासष्ट?"

भूपालनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा पंख्याकडं बघत होते. डिसेंबरात पंखा बंदच होता. पडद्याआड आदिती उभी आहे, हे भूपालला ठाऊक होतं. सख्खी बहीण नाही म्हणून ह्याच पोरीकडून दरवर्षी राखी बांधून घेणारा तो. आपल्या एका शब्दानं तिचं जमलेलं मोडेल, हे त्याला लख्ख दिसलं. आणि नऊ हजार हा शब्द परक्या माणसापुढं उच्चारायची लाजही होती, ते का लपवा?

"मला जरा जास्त हाय," तो म्हणाला. "सीनियर हाय न्हवं मी."

अण्णांनी श्वास सोडला. चौगुले मात्र चहा ढवळत राहिले. साखर विरघळली तरी चमचा फिरतच होता. मग ते उठले. "पाटील, जरा आमी दोघं अंगणात बोलून येतो."

"या की. घर तुमचंच हाय," अण्णा म्हणाले. त्यांना वाटलं, पावणं गार झालं.

*

"अहो सीनियर! जरा हिकडं या," त्रिशलानं स्वयंपाकघरातून हाक मारली. हातातलं लाटणं खाली ठेवायची शुद्ध तिला राहिली नव्हती. "पासष्टाच्या वर किती ते सांगा की मला पण. मी हिकडं कोथिंबिरीच्या पेंडीसाठी बाजारात घसा फोडतीया, पोराची सहलीची फी भरली न्हाय म्हणून पोरगं दोन दिवस माझ्याशी बोलत न्हाय, आन् तुमी जरा जास्त!"

"गप बस. आदितीचं लग्न हाय."

"लग्न तिचं हाय, तोंड माझं बंद हाय! लई भारी."

सम्मेद आत आला तो खुशीत. "भूपालदादा, झ्याक सांभाळलंस. पण एक सांगतो, हे भिंतीबाहेर जायचं न्हाय. मास्तर लोकांच्या कानावर गेलं तर उद्या गेटला बसतील सगळे."

"शुभ कार्यातलं खोटं हाय ते. पाप लागत न्हाय," काकू म्हणाल्या. त्या आज कुणाच्याही बाजूच्या नव्हत्या, फक्त लग्नाच्या बाजूच्या होत्या.

"आणि लग्नानंतर?" आदिती पडद्यामागून आत आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "दर महिन्याला पासष्ट हजार कुठनं आणायचे मी? अण्णा देणार?"

"त्याचं काय एवढं," सम्मेद म्हणाला. "शाळा लांब पडती म्हणून नोकरी सोडली म्हणायचं. विषय संपला."

"दादा, राजवीरला ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"मला पगार न्हाय हे. पहिल्यांदा फोन झाला तेव्हाच सांगितलंय मी त्याला. खोट्यावर संसार नको म्हणून."

सम्मेदचं तोंड उघडंच राहिलं. त्रिशला पुरी लाटायची थांबली. काकूंनी मात्र नेमकं बोट ठेवलं.

"मग मघाशी तो गप का बसला?"

आदिती तशीच सोप्यात गेली. काकू "अगं थांब, थांब की गं" म्हणत मागं धावल्या.

*

चौगुले अंगणातून आत येत होते.

"काका," आदिती त्यांच्यापुढं उभी राहिली. "अण्णांनी सांगितलं ते खरं न्हाय. मला पगार न्हाय. एक रुपया पण न्हाय. भूपालदादाला नऊ हजार हायत, आणि बाकीच्यांना त्याच्याहून कमी."

काकू उंबऱ्यावर मटकन बसल्या. अण्णांचा चेहरा उतरला. सत्तरीला टेकलेला माणूस, गावात ज्याचा शब्द चालतो तो, लेकीनं पावण्यापुढं खोटा पाडलेला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांची दया यावी अशीच गत होती.

चौगुल्यांनी मांडीवर थाप मारली आणि खदखदून हसले.

"हात्तिच्या! मग हे आधी सांगायचं न्हाय व्हय ओ पाटील? घाम फोडलासा की मला!"

"म्हंजे?" अण्णांना काही कळेना.

"अवो, अंगणात मी ह्याला हेच म्हणत हुतो. पंधरा-वीस मास्तरास्नी पासष्ट-पासष्ट वाटतोय ह्यो माणूस, म्हंजे दोन वर्षांत बुडणार, आन् बुडताना जावयाच्या गळ्यात पडणार. सोयरीक नकोच म्हणून सांगाय आत येत हुतो मी. नऊ हजार! मग शाळा चांगली फायद्यात हाय म्हणायची."

"फायदा कसला, सेवाच ती," अण्णा म्हणाले. रंग परत येत होता त्यांच्या तोंडावर.

"व्हय, व्हय. सेवाच. आमच्या फौंड्रीत साचं भरणाऱ्या मोल्डरला बावीस हजार द्यावं लागतंय, तरी दिवाळीला गावाकडं गेला की परत येत न्हाय गडी. तुमचं मास्तर पळून जात न्हाईत?"

"कुठं जात्यात?" सम्मेद हसत म्हणाला.

भूपाल रिकामे कप गोळा करत होता. त्यानं राहिलेला कप उचलला, बशीवर बशी ठेवली. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही, एक आदिती सोडून.

आता सोप्याचा रंगच पालटला. दोन्ही म्हातारे खुर्च्या जोडून बसले. फी किती, वर्गात पोरं किती, बसगाड्या आपल्या की भाड्याच्या. काकूंनी डोळे पुसून साखरेचा डबा काढायला सांगितलं. चौगुल्यांनी आदितीला शेजारी बसवून घेतलं.

"पोरी, खरं बोललीस, मला आवडलं. आता माझं पण ऐक. शिरोलीला फौंड्रीमागं आपली जागा पडून हाय. इंग्लिश मीडियम काढायचं लई दिवस डोक्यात हाय माझ्या. चालवायला विश्वासाचं माणूस मिळत नव्हतं. ते आज मिळालं."

"मला शाळा काढून देणार तुम्ही?" आदितीला क्षणभर खरंच आनंद झाला. तो तिच्या तोंडावर दिसला.

"तूच चालवायची. घरातलंच माणूस, म्हंजे पगाराचा प्रश्नच न्हाय."

"पण तुम्हांला तर कमावती सून पाहिजे होती."

"अगं, मालकीण कधी पगार घेती व्हय?"

"मग शाळा माझ्या नावावर असणार?"

"नावाबिवाचं बघू की पुढं," चौगुले म्हणाले. "ट्रस्ट असतंय त्ये. पोरी, तुला कळायचं न्हाय त्यातलं."

अण्णा मान डोलावत होते. हे तर त्यांचंच बोलणं होतं, फक्त आवाज चौगुल्यांचा. आदिती राजवीरकडं वळली.

"तू बोल. तुला काय वाटतंय?"

"बाबा म्हणतायत ते बरोबरच आहे ना," राजवीर म्हणाला. तो मनापासून म्हणाला, टाळायला म्हणून नाही. "आपलंच तर असणार सगळं. तुला पैसे लागले की मागायचे, बाबा कधी नाही म्हणत नाहीत. वहिनी पण मागतात."

"तिचा पगार हाय की."

"तो बाबांकडेच असतो."

"मघाशी अण्णा खोटं बोलत होते तेव्हा तुला ठाऊक होतं. का बोलला नाहीस?"

"बोलणीत आपण कशाला मधे पडायचं? जमत होतं ना सगळं."

हा माणूस रोज रात्री तिला विचारायचा, आज वर्गात काय झालं. कुठल्या पोराला गणित सुटलं, कोण फळ्यापुढं रडलं, सगळं ऐकून घ्यायचा. तेवढ्यावर तिनं जीव लावला होता. आताही तो तिच्याकडं प्रेमानंच बघत होता, आणि तिला त्याचाच फार त्रास झाला.

"मला न्हाय करायचं हे लग्न," ती म्हणाली.

"आदिती!" अण्णा उठून उभे राहिले.

"न्हाय म्हणजे न्हाय, अण्णा."

"डोस्कं फिरलंय काय तुझं? एवढं सोन्यासारखं स्थळ..."

"असू दे."

अण्णांचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. "पोरीला शिकवली हीच चूक झाली," ते कुणालाच न उद्देशून म्हणाले. चौगुल्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. "चल रे राजवीर. आपल्याकडं अजून पोरगीच पगार ठरवाय लागलेली न्हाय."

काकू दारात आडव्या आल्या.

"जावा, मी धरत न्हाय. पण दिवस मावळाय लागलाय. घरी पोचूस्तोवर अंधार पडणार, मग उद्या सकाळपतोर उपाशी राहणार तुम्ही. ह्या दारातनं कोण उपाशी गेलं न्हाय आजवर. खावा आणि जावा."

ह्यावर चौगुल्यांचंही काही चाललं नाही. लग्न मोडणं वेगळं आणि रात्रभर उपाशी राहणं वेगळं. बापलेक ताटावर बसले. सगळी बोलणी मोडलेल्या त्या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि त्रिशला गरम पुऱ्या आणून आग्रह करत होती, कारण आग्रह न करता कसं वाढायचं हे तिला ठाऊक नव्हतं. चौगुल्यांनी चार पुऱ्या जास्तच खाल्ल्या. हात धुताना म्हणालेही, "जेवण झकास झालंतं." राजवीर जाताना अंगणात थांबला, मागं बघितलं. आदिती बाहेर आली नाही.

*

थोडाच उजेड उरला होता. काकूंनी घरच्यांची ताटं घाईघाईनं मांडली. भांडायलाही वेळ नव्हता.

अण्णांना घास जात नव्हता. लाज होती, राग होता. उद्या गावात काय तोंड दाखवायचं हाही घोर होता. पण ह्या सगळ्याच्या तळाला आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यांची त्यांनाच पुरती कळली नव्हती. आदिती लग्न होऊन गेली असती तर दहावीचं गणित कोणाला द्यायचं, ह्या काळजीनं महिनाभर त्यांची झोप उडाली होती. बाहेरचा माणूस फुकट कोण येणार? ती काळजी आता मिटली होती. त्यामुळं त्यांचा आवाज निवळला.

"झालं गेलं गंगेला मिळालं," ते म्हणाले. "जेव आता. उद्या वेळेवर जा शाळेला. बोर्डाचं वर्ष हाय."

"मी येणार न्हाय, अण्णा."

"कुठं?"

"शाळेत. पगार द्यायचं ठरलं की बोलवा. मला, भूपालदादाला, सगळ्यांना."

"वेडी का काय तू?" सम्मेद ओरडला. "मार्चला परीक्षा हाय!"

"ठाऊक हाय मला."

"पोरांचा तरी इचार कर की जरा," अण्णा म्हणाले.

"दर वेळेला पोरंच पुढं करता तुम्ही!" आदितीला रडू फुटलं. "त्या पोरांसाठीच पाच वर्षं गप बसले मी. पोरांची एवढी काळजी हाय, तर त्यांच्या मास्तरांची का न्हाय?"

सगळ्यांनी एकदमच भूपालकडं पाहिलं. आदितीनं ओल्या डोळ्यांनी पाहिलं. त्रिशला परात हातात घेऊन उभी राहिली. अण्णांनीही पाहिलं. त्या घरात भूपालच्या शब्दाची वाट कुणी बघितल्याचं हे पहिलंच उदाहरण. तोही शाळेत येणार नाही म्हणाला असता तर उद्या दहावीच्या वर्गात उभं राहायला कुणी उरलं नसतं, आणि सोमवारपर्यंत अण्णांना वाकावं लागलं असतं. हे ताटावरच्या प्रत्येकाला कळलं होतं.

भूपालनं तोंडातला घास संपवला.

"नागपूरला अधिवेशन चालू हाय," तो हळू म्हणाला. "टप्पा अनुदानाचं ह्या खेपेला नक्की होणार म्हणतात. अकरा वर्षं काढली. आता सोडलं तर सगळीच पाण्यात जातील."

"दादा," आदिती म्हणाली. एवढंच म्हणाली.

"तुझं बरोबर हाय. तुला चुकलं म्हणत न्हाय मी." तो तिच्याकडं न बघता बोलत होता. "गणित मी घेतो. विज्ञानाचे तास सकाळी लवकर घेईन, गणित दुपारी बसवतो."

आदिती अर्ध्या ताटावरून उठली आणि हात धुवायला गेली. त्रिशला परात घेऊन तशीच उभी होती.

बासुंदीचं पातेलं अण्णांच्या शेजारीच होतं. काकूंनी पळी उचलायच्या आत अण्णांनीच ती घेतली आणि भूपालची वाटी काठोकाठ भरली. मग आणखी एक पळी बुडवून वर धरली.

"घे, घे. लाजू नकोस."

"पुरे, अण्णा," भूपाल म्हणाला, आणि त्यानं वाटी पुढं केली.